प्रकृती स्थिर

माझं काम उपाशी माणसांचं वजन करण्याचं होतं.

असं सांगितलं की लोक हसतात. नर्स होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कोणत्या वॉर्डात? मी म्हणायचे, रस्त्यावरच्या. सरकारी नोकरीतली माझी शेवटची काही वर्षं वॉर्डापेक्षा पेंडॉलमध्येच जास्त गेली. नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की अख्ख्या महाराष्ट्राचं गाऱ्हाणं बर्डीच्या आसपास सतरंज्या टाकून बसतं. मोर्चा येतो, घोषणा देतो, जातो. धरणं संध्याकाळी घडी घालून उठतं. उपोषण मात्र तिथंच राहतं. उपोषणाला बसलेला माणूस रस्त्यावर मेला तर सरकारची पंचाईत होते, म्हणून त्याच्याकडे रोज तपासणी पाठवतात. डॉक्टर साहेब एका फेरीत चार-पाच पेंडॉल उरकायचे आणि सह्या करून निघून जायचे. वजनकाटा, बीपीचं यंत्र, साखर बघायचं यंत्र आणि लघवीत बुडवायच्या पट्ट्या पिशवीत घालून महाल भागातल्या घरून स्कूटीवर यायची आणि दिवसभर त्या रांगेत फिरायची ती मी.

बाहेरच्या माणसाला वाटतं, उपाशी माणसात तपासायचं काय? पोट रिकामं आहे, संपलं. तसं नसतं. पहिल्या दीड-दोन दिवसांत शरीर साठवलेली साखर संपवतं, मग चरबी जाळायला लागतं. त्या जळण्याचा धूर म्हणा, राख म्हणा, लघवीत उतरते. पट्टी बुडवली की रंग बदलतो. फिकट गुलाबी म्हणजे उपास खरा आहे, गडद जांभळा म्हणजे आता जपा. तोंडाला सडक्या फळासारखा वास येतो. तिसऱ्या दिवशी भूक मरते आणि माणूस एकदम शांत, हसरा होतो. नवख्या कार्यकर्त्यांना वाटतं, वा, आपला माणूस खंबीर आहे. मी त्या हसण्याला घाबरायचे.

पट्टी खोटं बोलत नाही, त्यामुळे माझ्यावर काही जण रागावून असायचे. एक पुढारी होते. गळ्यात हार, पाठीमागे लोड, समोर माइक. पाचव्या दिवशी काट्यावर उभे राहिले तर वजन दीड किलोनं वाढलेलं. मी काटा दुसऱ्या फरशीवर ठेवून पाहिला. तेवढंच. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "सिस्टर, स्वेटरचं वजन धराल की नाही?" मी लिहिलं, स्वेटरसह. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'जनतेच्या आग्रहाखातर' उपोषण सोडलं.

उलट एक गुरुजी होते गडचिरोलीकडचे. त्यांच्या गावची शाळा पट कमी म्हणून बंद करणार होते, त्याविरुद्ध एकटेच बसले होते. बॅनरसुद्धा स्वतःच्या अक्षरात. मी अहवाल लिहायला लागले की चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघायचे. "बाई, प्रकृतीचा 'ती' दीर्घ. तुम्ही ऱ्हस्व काढता." आठव्या दिवशी त्यांना धड बसवत नव्हतं, तरी शुद्धलेखन तपासत होते. त्यांना लेखी आश्वासन मिळालं. मोसंबीचा रस पिताना मुलासारखे रडले. पुढच्या जूनमध्ये ती शाळा बंद झाली. मला एका पेपरच्या आतल्या पानावर कळलं. 'प्रकृती' मात्र तेव्हापासून माझ्या हातून चुकली नाही.

कारण रोजच्या अहवालात शेवटचा रकाना तोच असायचा. प्रकृती: स्थिर, किंवा प्रकृती: चिंताजनक. एवढे दोनच शब्द वरच्या ऑफिसात वाचले जायचे. त्यांचा अर्थ मला कळायला बराच वेळ लागला. 'स्थिर' लिहिलं की साहेब म्हणणार, स्थिर आहे ना, मग बसू दे. 'चिंताजनक' लिहिलं की पोलिसांची गाडी येणार, चार शिपाई माणसाला सतरंजीसकट उचलणार, दवाखान्यात सलाईन लावणार आणि उपोषण संपणार. उपाशी बसणाऱ्याला वाटतं, आपला उपास समोरच्याच्या काळजाला जाऊन लागेल. वाटेत मी बसलेली होते. काळजापर्यंत काही पोचायच्या आत ते माझ्या रकान्यात अडकायचं.

हे मला भागाबाईनं शिकवलं.

भागाबाई खाप्याजवळची. कन्हानच्या काठावरचं गाव, गावाबाहेर यांच्या लोकांचा टोला, म्हणजे वेगळी वस्ती. दीक्षा घेतलेल्या घरातली, पंचावन्नच्या आसपास वय, काटक, मजुरी करणारी. मागणी एका ओळीची होती: टोल्यावरून स्मशानभूमीकडे जाणारी पांदण मोकळी करा. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी गाडीवाट. गावच्या नकाशात ती आहे. जमिनीवर तिच्या जागी संत्र्याची बाग होती, भोवती तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप. भागाबाईचा नवरा वारला तेव्हा तिरडी त्या फाटकासमोर दुपारभर ठेवावी लागली. बागायतदारानं कुलूप उघडलं नाही. शेवटी रस्त्याच्या कडेला, बकऱ्या चरतात त्या जागी त्याला जाळलं.

पहिल्या वर्षी ती बसली तेव्हा सोबत फक्त तिची भाची होती, वच्छला. टोल्यावरची पोरं म्हणत होती, एका रात्रीत तार कापून टाकू. भागाबाईनं त्यांना घरी बसवलं होतं. मी वजन घेताना तिला विचारलं, पोरांचं ऐकलं असतं तर?

ती म्हणाली, "सिस्टर, त्याच्या बागेत म्या दहा वर्स निंदण केलं. त्याचं लेकरू माह्या कडेवर वाढलं. त्याले दगड कसा मारू? त्याले लाज वाटली पायजे, डोकं फुटून काय होते?"

"आणि नाही वाटली लाज तर?"

"वाटते. माणूस आहे तो. टाइम लागते."

नोकरीत आंदोलनांशी माझं काही देणंघेणं नसावं असा नियम होता आणि मी तो पाळायचे. पण खरं सांगते, आतून मी त्यांच्याच बाजूची होते. हात न उगारता बसून राहणाऱ्या माणसात काहीतरी मोठं आहे असं मला वाटायचं. रोज सकाळी पिशवी भरताना मला वाटायचं की मी त्यातला एक लहानसा भाग आहे.

नऊ दिवसांनी लेखी पत्र आलं. 'मोजणी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' वच्छलेनं ते तीनदा वाचून दाखवलं. मोजणी झालीही. मोजणीवाला येऊन खुणा घालून गेला, बागायतदारानं हरकत घेतली, प्रकरण वरच्या ऑफिसात गेलं. खुणांचे दगड पावसाळ्यात कोणीतरी उपटले.

पुढच्या अधिवेशनाला भागाबाई परत त्याच जागी. मला बघून हसली. "आली ना जी मी. काटा आणा."

त्या वर्षी चौथ्या दिवशी बागायतदार स्वतः आला. पस्तिशीचा माणूस, स्वच्छ शर्ट, बोलणं मऊ. हातात संत्र्यांची पेटी. पेंडॉलमधल्या सगळ्यांना त्यानं वाकून नमस्कार केला आणि भागाबाईसमोर मांडी घालून बसला.

"काकू, काहून स्वतःच्या जिवाले त्रास देऊन राहिल्या? घ्या, संत्रं खा. आपल्याच बागेतलं आहे."

"उपास सुटला का खाईन बेटा. तू फाटक उघड."

"फाटक उघडून काय होते? मधात झाडं आहेत. पंधरा वर्साची झाडं कापू?"

"झाडं नको कापू. दोन ओळींच्या मधून चार माणसं जातीन एवढीच वाट दे. मेलेलं माणूस झाड तोडत नाही."

तो पेटीतल्या संत्र्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, झालं, हाच तो क्षण. मग तो उठला, पॅन्ट झटकली आणि म्हणाला, "आज तुमाले दिली तं उद्या सारं गाव मागन." पेटी तिथंच ठेवून गेला. ती संत्री शेजारच्या पेंडॉलवाल्यांनी खाल्ली.

सहाव्या दिवशी भागाबाईचं बीपी खाली घसरलं, पट्टी जांभळी झाली. बायकांचं एक असतं, जे मी कुठल्याही अहवालात लिहू शकले नाही. आंदोलनाच्या जागी संडास इतके घाण असतात की बाया पाणी पिणंच कमी करतात. पुरुष अन्नाचा उपास करतो, बाई अन्नपाण्याचा करते. मी तिला मिठाचं पाणी घ्या म्हणून रोज ओरडायचे, ती दोन घोट घेऊन भांडं वच्छलेकडे द्यायची. त्या दिवशी मी 'चिंताजनक' लिहिलं. तासाभरात गाडी आली. चौघी महिला पोलिसांनी तिला उचललं. ती ओरडली नाही, हातपाय झाडले नाहीत, फक्त अंग सैल सोडलं. दवाखान्यात दोघींनी हात धरून सुई लावली. मी संध्याकाळी भेटायला गेले तर तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"तुमी लिवलं म्हून मले उचललं."

"भागाबाई, तुम्ही मेल्या असत्या."

"अजून दोन दिवस नसती मेली. दोन दिवसांनी साहेब भेटणार होता. तुमच्या एका शब्दानं वर्स गेलं माहं."

मी माझं काम नीट केलं होतं. वही उघडून दाखवली असती तर एकही आकडा चुकलेला निघाला नसता.

तिसरं वर्ष माझ्या निवृत्तीच्या आधीचं. भागाबाई आली तेव्हा बसायच्या आधीच वजन कमी होतं. पायावर सूज होती. मी म्हटलं, यंदा नको, वच्छलेला बसवा. ती म्हणाली, नवरा माझा त्या फाटकाशी पडला होता, तिचा नाही. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "यंदा मले वचन द्या. मी सांगतो तवाच लिवजा."

मी वचन दिलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी, बुधवारी, निरोप आला की शुक्रवारी दुपारी मंत्र्यांच्या दालनात बैठक आहे. टोल्याचे चार जण, ऑफिसातले मोठे साहेब, बागायतदार, सगळ्यांना बोलावलं आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा सगळे एका टेबलाशी बसणार होते. वच्छला पेंडॉलमध्ये नाचायचीच बाकी होती. त्याच दुपारी मी भागाबाईची पट्टी बुडवली. रंग बघितला. लघवीही अगदी थोडी, चहासारखी काळपट. नाडी जलद, जीभ कोरडी.

"लिवू नका," ती म्हणाली. तिनं माझ्या तोंडावरूनच ओळखलं होतं.

"भागाबाई, मूत्रपिंडाला धोका आहे."

"शुक्रवारपावतर. दोनच दिवस. सिस्टर, मी उठली का ते म्हणतीन, बाई तं उठली, आता कायची बैठक."

ते खरं होतं. मी शंभर वेळा पाहिलं होतं. पेंडॉल रिकामा झाला की बैठका रद्द होतात.

"वच्छला, तू सांग हिला," मी म्हटलं.

वच्छलेनं मान खाली घातली. मग म्हणाली, "दोन दिवस ढकलता येते का, सिस्टर?"

डॉक्टर साहेब घाईत होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय लिहायचं?" ते माझ्यावर विश्वास ठेवायचे. मी म्हटलं, "स्थिर." त्यांनी सही केली. गुरुवारी सकाळी परत स्थिर. मी तिला चमच्याचमच्यानं मीठपाणी पाजलं आणि मनाशी आकडे मांडत बसले, एवढे तास काढले की झालं.

गुरुवारी दुपारी कामकाज आटोपलं. अधिवेशन एक दिवस आधीच गुंडाळलं. आम्हाला कळलं ते समोरच्या रस्त्यावर लाल दिव्यांच्या गाड्या ओळीनं विमानतळाकडे जायला लागल्या तेव्हा. अर्ध्या तासात पोलिसांचे लोखंडी अडथळे ट्रकमध्ये चढले. चहाच्या टपऱ्या उठल्या. आजूबाजूच्या पेंडॉलचे बांबू सुटायला लागले. वच्छला फोन लावत होती, ज्यांनी निरोप दिला होता ते उचलत नव्हते. भागाबाई डोळे मिटून पडली होती. तिनं विचारलं, "आज शुक्रवार आहे का?"

मी अहवाल काढून त्यावर मोठ्या अक्षरात 'चिंताजनक' लिहिलं. पण आता तो द्यायचा कोणाला? रोज चौकात उभी असायची ती गाडी बंदोबस्ताबरोबर निघून गेली होती. आदल्या वर्षी जिला उचलायला तासाभरात चौघी आल्या होत्या, तिला यंदा उचलायला कोणी नव्हतं. शेवटी मी आणि वच्छलेनं तिला एका ऑटोत घातलं. डोकं माझ्या मांडीवर. ऑटोवाल्यानं आरशातून बघून विचारलं, "कोठं पडल्या जी बाई?"

तिची मूत्रपिंडं परत सुरू झाली नाहीत. दोन महिने आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करायचं, मग गावी, मग परत. शिमग्याच्या आधी ती गेली.

मी त्या दिवशी खाप्याच्या बसमध्ये बसले, तिथून ऑटोनं टोल्यावर गेले. त्रिशरण झालं. तिरडी उचलली. मला वाटत होतं की बकऱ्या चरतात त्याच जागी नेतील. पण पुढं चालणारी पोरं थांबली नाहीत. वच्छलेचा मुलगा रोशन पुढं होता, कॉलेज सोडून वर्कशॉपमध्ये काम करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. मी त्याला गाठून म्हटलं, "रोशन, भागाबाईंना हे आवडलं नसतं."

तो चालता चालता म्हणाला, "आजीनं तीन वर्स इचारलं सिस्टर. आता आमी कोणाले इचारत नाही."

फाटकाशी बागेचा राखणदार उभा होता, मन्साराम नावाचा म्हातारा. फाटकाच्या आतून तो हात वर करून काहीतरी सांगत होता. गोंगाटात ऐकू येत नव्हतं. पोरांना वाटलं, अडवतोय. पहिला दगड कोणी मारला ते मला दिसलं नाही. दुसरा आणि तिसरा दिसला. मन्साराम खाली बसला. पोरांनी फाटक हलवून हलवून बिजागऱ्यांतून काढलं, तारा कापल्या, आणि भागाबाईची तिरडी संत्र्याच्या दोन ओळींच्या मधून स्मशानाकडे गेली. चार माणसं जातील एवढीच वाट होती. एकही झाड मोडलं नाही.

मी तिरडीमागं गेले नाही. मी मन्सारामपाशी बसले. डाव्या डोळ्यातून रक्त आणि पाणी. माझा पदर फाडून पट्टी बांधताना मला त्याच्या मुठीत काहीतरी कडक लागलं. मी मूठ उघडली. फाटकाची किल्ली होती.

"मालकानं पाठवलं होतं?" मी विचारलं.

"नाही जी. मालक नागपूरले गेले. मीच आलतो." त्याला धाप लागत होती. "भागा माह्यासंगं बागेत काम करे. तीन वर्स बाई उपाशी बसली. मले भाकर गोड नाही लागे. म्हटलं, आज नोकरी गेली तं गेली. उघडून देतो. मी तेच सांगून राहिलो होतो पोराइले, थांबा जी, उघडतो."

तिकडं धूर दिसायला लागला. मी त्याचं डोकं धरून बसले होते. तीन उपोषणांनी, इतक्या दिवसांच्या भुकेनं, भागाबाईनं जगातला एक माणूस बदलला होता. तो हा होता. त्याचा डोळा वाचला नाही.

आता यापुढचं सांगायला मला जड जातं. पंधरा दिवसांच्या आत पांदण मोकळी झाली. दगडफेक झाली म्हणून मोठे साहेब गावात आले, त्यांच्याबरोबर मोजणीवाले आले, बंदोबस्त आला, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंनी कुंपण मागं सरकलं. मुरूमही पडला. तीन वर्षं पत्रावर पत्र लिहून जे झालं नाही ते एका दुपारच्या दगडांनी झालं. टोल्यावरची लहान पोरं हे बघत होती. त्यांना कोणी काही शिकवायची गरज नव्हती.

रोशन आणि आणखी पाच जणांवर गुन्हे दाखल झाले. रोशन अजून आत आहे. टोल्यातल्या बायांना आता आसपासच्या कुठल्याही बागेत काम मिळत नाही, त्या कोराडीकडे, बांधकामांवर जातात. मन्सारामला मालकानं काढून टाकलं. किल्ली घेऊन का गेला होतास, असं विचारलं म्हणे.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका साहेबांनी कौतुक केलं की सिस्टरच्या हाताखाली एकही उपोषणकर्ता पेंडॉलमध्ये दगावला नाही. टाळ्या झाल्या. हे खरंच आहे. भागाबाई पेंडॉलमध्ये दगावली नाही. वर्षानुवर्षं मला ह्याच गोष्टीचा अभिमान होता आणि त्या दिवशी मी शाल अंगावर घेऊन तिथं उभी राहिले, कोणालाही काही सांगितलं नाही. ते दोन दिवसांचे अहवाल कुठल्यातरी कपाटात असतील. त्यावर माझं अक्षर आहे. 'चिंताजनक' लिहिलं असतं तर ती जगली असती, आणि पांदणीचं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी हे कितीतरी वेळा उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनही हिशेब जुळत नाही.

मन्सारामला मी एकदा भेटले. लेकीकडे राहतो. मी माफी मागितली, कशाची ते मला नीट सांगता आलं नाही. तो म्हणाला, "तुमी काय केलं जी? तुमी तं पट्टी बांधली."

गेल्या आठवड्यात मला एक फोन आला. वच्छला उपोषणाला बसली आहे, पोरांवरचे गुन्हे मागे घ्या म्हणून. अधिवेशन नाही, मोर्चे नाहीत, कॅमेरे नाहीत. एका सरकारी ऑफिसच्या भिंतीशी निळी ताडपत्री बांधून एकटी बाई. मी निवृत्त आहे, माझं तिथं काही काम नाही. तरी गेले. इतक्या वर्षांत मी एकाही उपोषणकर्त्याला कधी ऊठ म्हटलं नव्हतं. वच्छलेला म्हटलं.

"ऊठ वं वच्छला. घरी चल. यानं काही होत नाही. तू पाहिलं आहेस, मी पाहिलं आहे."

ती ताडपत्रीवरचं पाणी काठीनं वर ढकलत होती. वळून बघितलं. रागावली नव्हती.

"मले माहीत आहे सिस्टर. दगडानं काय होते तेही माहीत आहे. माहं पोरगं आत आहे, त्या म्हाताऱ्याचा डोळा गेला." तिनं काठी खाली ठेवली. "मंग काय करू? तिसरं काही असन तं सांगा. मी उठतो."

मी तिच्या शेजारी ताडपत्रीखाली बसले. बाकीचं बोललो, तिच्या दुखऱ्या पायाचं, रोशनच्या कोर्टातल्या तारखेचं. नंतर एक नवी मुलगी आली, गणवेशातली, पिशवी घेऊन. तिनं मला नातेवाईक समजून थोडं बाजूला व्हायला सांगितलं. मी झाले.

हे लिहून संपवते आहे तेव्हा वच्छलेचा सातवा दिवस आहे. सकाळपासून पाऊस आहे. ऑफिसातून तिच्याशी बोलायला अजून कोणी आलेलं नाही.